दातातली चीर आणि अभावाचे ज्ञान

दाताला गेलेली चीर हा दाताचा भाग नव्हे. दोन भागांचा संयोग जिथे तुटला, तिथली ती रिकामी फट आहे. प्रतिदीप्तीच्या म्हणजे फ्लुओरेसन्सच्या साहाय्याने अशी फट शोधताना भारतीय प्रमाणचर्चेतला, म्हणजे ज्ञानाच्या साधनांच्या चर्चेतला, एक जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो: नसणे कळते ते कोणत्या प्रमाणाने?

असलेली वस्तूही का दिसत नाही, याची आठ कारणे ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत दिली आहेत. त्यांतली दोन इथे लागू पडतात. एक, सूक्ष्मता: दाढेतली चीर बहुधा पुढून मागे जाते आणि क्ष-किरण गालाकडून येतात, त्यामुळे एवढ्या बारीक फटीची खूण फिल्मवर सहसा उमटत नाही. दुसरे, अभिभव: दातावरून परावर्तित होणाऱ्या प्रखर प्रकाशात मंद चमक झाकोळते.

प्रतिदीप्तीने या अडचणी कमी होतात. सुमारे 405 नॅनोमीटर तरंगलांबीचा जांभळा-निळा प्रकाश टाकला की निरोगी दात हिरवट उजळतो, तर फटीत शिरलेल्या जिवाणूंनी तयार केलेली पॉर्फिरिन द्रव्ये तांबडी चमकतात. फिल्टरने मूळ प्रकाश अडवला की हा फरक उठून दिसतो. दुसऱ्या पद्धतीत इंडोसायनिन ग्रीन हा रंग फटीत मुरवून, 800 नॅनोमीटरच्या आसपासच्या अवरक्त प्रकाशात त्याची चमक कॅमेऱ्याने टिपतात. दोन्हींत चमकते ते फटीत शिरलेले द्रव्य; फट स्वतः चमकत नाही.

म्हणून पडद्यावरची रेघ म्हणजे चिरेचे प्रत्यक्ष नव्हे. न्यायसूत्रांनुसार प्रत्यक्ष ज्ञान इंद्रिय आणि विषय यांच्या संनिकर्षातून, म्हणजे थेट संबंधातून, होते. इथे डोळ्याचा संबंध चित्राशी आहे. चमक हे लिंग (खूण) आणि चीर हे साध्य (जे सिद्ध करायचे ते), म्हणजे हे अनुमान झाले. त्याचे बळ व्याप्तीवर, म्हणजे लिंग आणि साध्य यांच्या अचूक साहचर्यावर, अवलंबून असते. पॉर्फिरिने दातांवरच्या कीटणात आणि किडीतही असतात, त्यामुळे नुसती तांबडी चमक हा अनैकांतिक हेतू, म्हणजे साध्य नसतानाही आढळणारी खूण, ठरतो. दात स्वच्छ केल्यावरही चमक रेघेसारखीच उरली, आडव्या टाकलेल्या प्रकाशाची वाट तिथेच अडली आणि चावून दाब सोडताना कळ आली, तर अनुमान पक्के होते.

चमक दिसलीच नाही, तर प्रश्न अधिक नाजूक होतो. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती अनुपलब्धीला, म्हणजे न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाण मानतात; नैयायिक मानत नाहीत. तरी एक अट महत्त्वाची आहे: ती योग्य अनुपलब्धी हवी. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून अभाव ठरतो. ताज्या चिरेत जिवाणू पोचलेले नसतात, अरुंद फटीत रंग शिरत नाही, भरणाखाली किंवा हिरडीखाली प्रकाश जात नाही. अशा ठिकाणी कोऱ्या चित्रावरून ‘चीर नाही’ असा निर्णय करता येत नाही. ‘चीर आढळली नाही’ एवढेच म्हणता येते.

चीर सिद्ध झाली तरी तीच वेदनेचे कारण आहे, हे वेगळे सिद्ध करावे लागते. प्रौढांच्या एनॅमलवर निरुपद्रवी बारीक रेघा सर्रास असतात. रेघ आणि दुखणे एकत्र आढळणे म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. यंत्राने दृष्टीची कक्षा वाढते; प्रमाणाची कसोटी मात्र प्रत्येक पायरीवर लावावीच लागते.