पालकांच्या विनंतीवरून

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात फ्रंट रॉयल नावाचं छोटं गाव आहे. 1980 च्या सुमारास सुरू झालेली ‘सीटन होम स्टडी स्कूल’ ही कॅथलिक संस्था तिथून घरी शिकणाऱ्या मुलांना पुस्तकं, पाठांचं नियोजन आणि चाचण्या पुरवते. वर्ग भरतो तो ज्याच्या-त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. अशा घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीचा दिवस साधारण असा जातो. सकाळी घरच्यांबरोबर प्रार्थना, मग डोकं ताजं आहे तोवर गणित, त्यानंतर लॅटिन, इतिहास, धर्मशिक्षण. मध्येच धाकट्या भावाचं वाचन घ्यायचं, कपडे वाळत घालायचे. दुपारी बाराला हातातलं काम थांबवून देवदूताची प्रार्थना. जमेल त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा. आठवड्यातून एखाद्या दिवशी अशीच शिकणारी चार घरं एकत्र येतात. कुणाची आई विज्ञानाचे प्रयोग करून घेते, कुणाचे वडील वादविवाद घेतात. रात्री सगळ्यांनी मिळून जपमाळ म्हटली की दिवस संपतो. घंटा नाही, गणवेश नाही, वर्गात कितवा नंबर आला याची चौकशी नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या उमरग्यात असं घर माझ्या माहितीत नाही. कॅथलिक म्हटलं की आमच्या जिल्ह्याला आठवतात ते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्यांच्या वसईत कॅथलिकांची वस्ती दाट आहे, पण तिथे चर्चच्याच शाळा असल्याने पोरांना घरी ठेवून शिकवण्याची गरज फारशी कुणाला पडली नाही. शाळा सगळ्यांबरोबर, धर्मशिक्षण रविवारी, जपमाळ संध्याकाळी घरात, अशी वाटणी तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मग उमरग्याच्या माणसाने त्या दूरच्या मुलीच्या दिवसाचा विचार कशाला करायचा? माझ्या मते करायला हवा. हे ठरवताना मुलीला विचारलं होतं का, हा जो प्रश्न तिच्या घराला विचारल्याशिवाय राहवत नाही, तो आम्ही आमच्या घरांना कधीच विचारलेला नाही.

आमच्याकडे दहावीचा निकाल लागला की घरं रिकामी होऊ लागतात. ज्याला परवडतं तो पोराला लातूरला क्लाससाठी पाठवतो, ज्याला परवडत नाही तो कर्ज काढून पाठवतो. ‘लातूर पॅटर्न’ या दोन शब्दांवर मराठवाड्यातल्या हजारो घरांचं अंदाजपत्रक बेतलेलं असतं. सकाळी उमरगा बसस्थानकावर उभं राहिलं तर दिसतं. एक बाई लातूरच्या गाडीच्या वाहकाला कापडी पिशवी देते. आत ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कोरडी भाजी; वर मुलाचं नाव आणि मोबाइल नंबर लिहिलेली चिठ्ठी टाचलेली. तिकडे पोरगं स्टँडवर येऊन पिशवी घेतं आणि पुन्हा क्लासला पळतं. सोळाव्या वर्षानंतर मुलाच्या घडणीत आईबापाचा वाटा एवढाच उरतो: डबा आणि फी. ज्या वयात मूल पहिल्यांदा मोठ्या माणसासारखं बोलू लागतं, वाद घालू लागतं, देव आहे का, जात का पाळायची, असं विचारू लागतं, नेमकं त्याच वयात ते घरात नसतं. ते प्रश्न वसतिगृहाच्या खोलीत विचारले जातात, नाहीतर विचारलेच जात नाहीत, कारण पुढच्या रविवारी चाचणी असते.

त्या कॅथलिक मुलीचं सगळ्यात मोठं धन म्हणजे तिच्याजवळ असलेला वेळ, असं मला मनापासून वाटतं. चार तासांत अभ्यास आटोपला तर उरलेला दिवस तिचा. शिवाय तिच्याभोवती फक्त तिच्याच वयाची पोरं नसतात. चार वर्षांचा भाऊ असतो, आजारी आजी असते, चर्चमधल्या म्हाताऱ्या बायका असतात. धाकट्याला वाचायला शिकवताना आपल्याला काय येत नाही ते तिला कळतं. आजीचं अंथरूण बदलणं हा तिच्या शिक्षणाचाच भाग धरला जातो. आमच्याकडे अभ्यासाला बसलेल्या मुलाने उठून आजोबांना पाणी दिलं तर घरचेच ओरडतात: तू बस, आम्ही बघतो. त्यात माया आहे हे खरं, पण अशा मायेने मूल अपुरं राहतं.

कॅथलिक परंपरेत या घरच्या शिक्षणाला मोठा आधार आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी शिक्षणाविषयी घोषणापत्र काढलं. आईबाप हेच मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक, आणि ते कमी पडले तर ती उणीव भरून काढणं फार अवघड, असा त्याचा आशय. त्याच्या चाळीस वर्षं आधी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जोगिणींच्या एका संघाने खटला जिंकला होता. ऑरेगन राज्याने सगळ्या मुलांना सरकारी शाळेतच जाण्याची सक्ती केली होती. 1925 मध्ये न्यायालयाने ती रद्द केली. मूल ही सरकारची मालमत्ता नाही, असं त्या निकालाचं तात्पर्य. ते मला मान्य आहे. हैदराबाद संस्थानाच्या अमलाखाली राहिलेल्या या भागात, सरकारने ठरवलेल्या भाषेत शिकण्याची सक्ती काय असते, हे आमच्या आजोबांच्या पिढीने उर्दू माध्यमाच्या शाळांत बसून अनुभवलं आहे.

पण मूल सरकारचं नाही एवढं ठरल्याने ते आईबापाचं ठरतं का?

1972 मध्ये त्याच न्यायालयात विस्कॉन्सिन विरुद्ध योडर हा खटला गाजला. आमिश पंथाच्या पालकांनी आठवीनंतर मुलांना शाळेत पाठवायला नकार दिला होता. न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र निकालाच्या काही भागाशी असहमती नोंदवली. तीन घरांच्या मुलांचा प्रश्न होता आणि साक्ष फक्त एका मुलीची झाली होती. बाकीच्यांना कुणी विचारलंच नव्हतं. धर्मस्वातंत्र्य आईबापाचं आहे तसं मुलांचंही आहे, आणि ज्यांचं सगळं आयुष्य या निकालावर अवलंबून आहे त्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं म्हणणं ऐकायला हवं, असा त्यांचा मुद्दा होता. कॅथलिक घरालाही हे परकं वाटू नये. दृढीकरणाच्या संस्कारात, जो अनेक ठिकाणी याच वयात होतो, बाप्तिस्म्याच्या वेळी आईबापांनी तान्ह्या बाळाच्या वतीने जे कबूल केलं ते मूल स्वतःच्या तोंडाने कबूल करतं. म्हणजे वेदीपुढे त्याचा होकार लागतो. स्वयंपाकघरातल्या टेबलापुढेही तो लागायला हवा.

घरी शिकलेलं मूल कुठवर जाऊ शकतं याचं मराठीतलं सर्वांत तेजस्वी उदाहरण पंडिता रमाबाईंचं आहे. 1858 साली जन्मलेल्या या मुलीला शाळा कसली ती माहीत नव्हती. आई लक्ष्मीबाई पहाटे तिला जागं करायची आणि तोंडानेच संस्कृत शिकवायची. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत गावोगाव, तीर्थोतीर्थी हिंडायचे, मुलंही त्यांच्याबरोबर. बालविवाह सर्रास होत असताना तिला अविवाहित ठेवून शिकवलं, म्हणून घराला बोलणी खावी लागली. दुष्काळात आईवडील गेले तेव्हा ती सोळाच्या आसपास होती. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी तिला ‘पंडिता’ म्हटलं, आणि 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे तिने बाप्तिस्मा घेतला. त्यानंतरही अँग्लिकन जोगिणींशी तिचा वाद चालूच राहिला. कुणी वडीलधारं सांगतं म्हणून मानायचं, हे तिने हिंदू असताना मानलं नाही आणि ख्रिस्ती झाल्यावरही मानलं नाही. तिच्या धर्मांतरावर महाराष्ट्र दुखावला, आजही काहींचं मन दुखतं. मला मात्र त्यात लक्ष्मीबाईंच्या पहाटेच्या पाठांचं यश दिसतं. ज्या शिक्षणाने मुलीला घराशी मतभेद करण्याइतकं बळ दिलं, ते शिक्षण खरं. कॅथलिक घरात शिकलेली मुलगी पुढे श्रद्धाळू राहिली किंवा दूर गेली, दोन्ही चालेल. तिला दोन्ही करता येण्याइतकं बाहेरचं जग ठाऊक असलं पाहिजे.

आपल्याकडे घरी शिकण्याची वाट अरुंद आहे. 2010 पासून लागू असलेला शिक्षणहक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे आणि घरच्या शिक्षणाचं नावही घेत नाही. मुंबईच्या मालविका जोशीला आईने सातवीत असताना शाळेतून काढलं. संगणक ऑलिंपियाडमधल्या पदकांच्या जोरावर 2016 मध्ये तिला अमेरिकेच्या एमआयटीत प्रवेश मिळाला. बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार मात्र बंदच होतं. अशा मुलांना दहावी-बारावी द्यायची तर राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे, नाहीतर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म. आमच्या भागात सतरा नंबरचा फॉर्म म्हटलं की लोक समजतात: पोरगं शाळेतून गळालं.

आणि गळतात ती पोरं तर फार मोठ्या संख्येने घरीच असतात. दिवाळीनंतर मुरूमच्या विठ्ठलसाई कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या लागतात, आणि शेताच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोपी उभ्या राहतात. आईबाप अंधारात फडावर जातात. कोपीत मागे राहते ती चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. पाणी भरते, भाकरी थापते, धाकट्याला सांभाळते. फ्रंट रॉयलची पुस्तकं वापरणारी मुलगीही धाकट्याला सांभाळते, घरकाम करते. कामं तीच. पण एकीच्या कामाभोवती पुस्तकं, प्रार्थना आणि तिची वाट बघणारं भविष्य आहे. दुसरीच्या कामाभोवती पुढच्या हंगामात तिचं लग्न लावून नवा ‘कोयता’, म्हणजे ऊस तोडणारं नवं जोडपं, तयार करण्याचा हिशोब आहे. घर हे शिक्षणाचं पवित्र स्थान आहे असं सरसकट म्हणणाऱ्याने कोपीच्या दाराशी एकदा थांबावं.

लातूरला पाठवलेलं पोरगं, कोपीत ठेवलेली पोरगी, घरी शिकणारी कॅथलिक मुलगी. परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक, पण तिघांच्याही बाबतीत निर्णय होताना त्यांना विचारलेलं असतंच असं नाही. मुलांचं मत ऐकून घेण्याचा हक्क मांडणारा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार भारताने 1992 मध्ये स्वीकारला, त्यालाही आता तीस वर्षं उलटून गेली. आमच्या शाळांच्या कपाटातले शाळा सोडल्याचे दाखले काढून बघा. ‘शाळा सोडण्याचे कारण’ असा एक रकाना असतो. मी शिक्षक म्हणून असे कितीतरी दाखले पाहिले आहेत. बहुतेकांवर लिपिकाच्या अक्षरात एकच ओळ असते: पालकांच्या विनंतीवरून. मुलगी लग्नासाठी काढली, पोरगं फडावर नेलं, कुणी चांगल्या शाळेत गेलं, कारण सगळ्यांचं एकच.

हा रकाना बदलता येतो. बारा वर्षांवरच्या कोणत्याही मुलाचा दाखला देण्याआधी मुख्याध्यापकाने त्याच्याशी एकट्याशी, पालक समोर नसताना बोलावं आणि मुलाचं म्हणणं वेगळ्या ओळीत, त्याच्याच शब्दांत लिहावं. घरी शिकणाऱ्या मुलाकडे वर्षातून एकदा केंद्रप्रमुखाने जावं. परीक्षा घ्यायला नको, तुला हे आवडतंय का, तुझे मित्र कोण, पुढे काय करायचंय, एवढं विचारायला. जे पालक मनापासून आणि मोकळेपणाने शिकवतात, त्यांना यात भिण्यासारखं काही नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने 3 ते 18 वयापर्यंत सर्वांना शिक्षण पोहोचवण्याचं उद्दिष्ट ठेवलं आहे. त्यात चौदाच्या पुढच्या मुलांना हे विचारण्याची तरतूद बसवता येईल. आणि फडावर निघालेल्या मुलीने त्या ओळीत ‘मला इथेच राहून शिकायचंय’ असं सांगितलं, तर ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात तिची जागा किती दिवसांत आणि कोणत्या अधिकाऱ्याने पक्की करायची, हेही ही तरतूद करणाऱ्या शासन निर्णयात लिहिलेलं असावं. ही सोय आठवीपाशी न थांबवता बारावीपर्यंतच्या मुलींनाही मिळावी.