खिडकीतला कप

वडीलधारी माणसे गेल्यावर फार लवकर संत होतात. हयातीत ज्यांचे बोलणे आपण अर्धवटच ऐकतो, त्यांचे शब्द पुढे सुभाषितांसारखे तोंडी येऊ लागतात. दिवाळीच्या फराळाला चार घरची मंडळी जमली, की कोणीतरी "आजोबा म्हणायचे..." अशी सुरुवात करतो आणि हातातली चकली संपण्यापूर्वी आजोबांच्या डोक्यामागे प्रभा उजळलेली असते. यात वावगे काही नाही. प्रश्न एवढाच, की असा घासूनपुसून ठेवलेला माणूस खरोखर आपला आजोबा असतो काय?

माझे आजोबा मूळचे कोकणातले, पण चेंबूरला येऊन चेंबूरचेच झालेले. कुर्ल्याहून तिथवर उतारूंची गाडी १९२४ पासून धावत होती, तरी ते आले तेव्हा घरांपेक्षा झाडेच अधिक. तेलशुद्धीचे कारखाने, धूर आणि 'गॅस चेंबर' हे टोपणनाव, हे सारे पुढचे. आजोबा बोरीबंदरच्या एका कचेरीत कारकून होते. फाळणीनंतर चेंबूरच्या छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांतल्या मुलांना ते संध्याकाळी गणित शिकवीत. आजीने एकदा फीचा विषय काढला, तेव्हा म्हणाले, "ज्याचे घर गेले, त्याच्याकडून फी कसली मागायची?" सकाळी पारिजातकाखाली मुंग्यांना पीठ घालायला ते कधी चुकले नाहीत.

आणि मागच्या खिडकीत कान तुटलेला एक कप पालथा असे.

तो संडास साफ करायला येणाऱ्या माणसाचा. त्याला चहा रोज मिळे, गरम मिळे. पण वरून ओतलेला. कप त्याचा त्यानेच धुवायचा. आमच्या घरच्या आठवणींत हा कप कधी येत नाही. मी काढला, तर "त्या काळी असेच होते" म्हणून विषय बदलतात. पण तो काळ तरी एकरंगी कुठे होता? अस्पृश्यता राज्यघटनेने १९५० सालीच रद्द केली होती. १९५५ मध्ये तिच्याविरुद्ध कायदा झाला. १९५६ च्या ऑगस्टात आमच्या शेजारी ट्रॉम्बेला 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली आणि त्याच ऑक्टोबरात नागपुरास डॉ. आंबेडकरांसह लाखोंनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. खिडकीतला कप जिथल्या तिथे होता.

विनोबांनी आपल्या आजोबांची, शंभूराव भाव्यांची, एक आठवण सांगितली आहे. शंभूराव पूजेला बसले असता देवाच्या मूर्तीवर विंचू येऊन बसला. सगळे मारायला धावले. शंभूरावांनी अडवले, तो देवाच्या आश्रयाला आला आहे, त्याला हात लावू नका. पूजा यथासांग झाली आणि विंचू आपल्या वाटेने गेला. दुसरा एखादा नातू त्या प्रसंगातून विंचवाचे भय तेवढे घेऊन उठला असता. विनोबांनी अभय घेतले. काय घ्यायचे, हे बरेचसे नातवावर असते.

मग मी काय घ्यावे? कप लपवावा, की कपासाठी आजोबांनाच टाकून द्यावे? दोन्ही वाटा सोप्या आहेत, म्हणूनच मला त्यांचा संशय येतो. मुंगीपर्यंत पोचलेली त्यांची करुणा खिडकीपाशी का अडली, हे मी पुष्कळदा मनात घोळवले आहे. मुंगी कधी पंगतीला बसायला मागत नाही, हेच त्याचे उत्तर असावे. तिच्यावर दया केल्याने आपले पाट-पाणी जागचे हलत नाही. परंतु घर गेलेल्याकडून फी घेऊ नये, हेही मला त्यांनीच शिकवले. आणि कप चुकीचा होता हे मला कळते, ते त्याच शिकवणीने. शिकवण गुरूवरच उलटली तर ती कृतघ्नता खासच नव्हे. तिचा उपयोग शेजाऱ्यांवर टीका करण्यापुरताच ठेवणे, ही कृतघ्नता म्हणता येईल.

साठच्या दशकातल्या एका दिवाळीत आत्याने भांडी घासताना तो कप केरात टाकला आणि त्या माणसाला घरातल्या कपबशीत चहा दिला. आजोबा ओटीवर वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनी वर पाहिले, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचू लागले. ती संमती होती, की लेकीशी वाद घालण्याचा कंटाळा? माझी भावंडे पहिले मानतात. मला तेवढी खात्री वाटत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कपबशांतून आजोबांना चहा आला. कालची कोणती, हे त्यांनी विचारले नाही.