अर्धे स्मरण

सज्जनहो, स्मरण हे आपले मोठे साधन. परंतु मनुष्य देवाचेच स्मरण करतो असे नाही. तो घावाचेही स्मरण करतो, आणि ते बहुधा नामाहून अधिक नेमाने! या दुसऱ्या स्मरणाची खोड अशी की ते आपल्या उंबऱ्याशी थांबते, शेजाऱ्याच्या घरात शिरत नाही. दाखला पाहण्यासाठी आज जरा दूर, ग्रीस आणि तुर्कस्तानात जाऊ.

१९१९ ते १९२२ या दोघांचे युद्ध झाले. अनातोलियात शिरलेल्या ग्रीक फौजेचा ऑगस्ट १९२२ मध्ये मोड झाला. मागे हटताना तिने तुर्कांची गावे जाळली. सप्टेंबरात स्मर्ना बंदर तुर्कांच्या हाती पडले आणि तेथल्या ग्रीक व आर्मेनियन वस्त्यांची राख झाली. आग कोणी लावली, यावर आजही एकमत नाही. आता पाहा, ग्रीक मनुष्य या पराभवाला ‘आशिया मायनरचा अनर्थ’ म्हणतो. तुर्काच्या लेखी तेच स्वातंत्र्ययुद्ध. ३० ऑगस्टला तुर्कस्तानात विजयदिन आणि ९ सप्टेंबरला इझमीरचा मुक्तिदिन होतो. १४ सप्टेंबरला ग्रीसमध्ये मृतांचे स्मरण होते. स्मर्ना काय, इझमीर काय, गाव एकच हो! एकाकडे दिवे, दुसऱ्याकडे सुतक.

पुढे ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे करार झाला. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला आणि ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला, तेही सक्तीने! इस्तंबूलचे ग्रीक व पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळले. सुमारे १२ लाख ख्रिस्ती आणि ४ लाख मुसलमान घराला मुकले. ख्रिस्ती तर बहुतेक कराराआधीच जीव घेऊन पळाले होते. भाषा कोणी विचारलीच नाही. अनातोलियातले कारामानली ख्रिस्ती घरात तुर्की बोलत, क्रीट बेटावरचे मुसलमान ग्रीक बोलत. स्वधर्मीयांत जाऊन दोघेही मुके झाले. एकाला ‘तुर्काचे बी’ म्हणून हिणवले, दुसऱ्याला ‘अर्धा काफर’ म्हणून.

दुःख सारखे, पण आठवण सारखी राहिली नाही. ग्रीसने ते दुःख राष्ट्राचे मानले; अथेन्सला लागून नेआ स्मिर्नी, म्हणजे नवी स्मर्ना वसली. मात्र आपल्या फौजेने जाळलेली गावे त्या कथेत अंधुकच. तुर्कस्तानात नवे प्रजासत्ताक विजयाची कथा सांगत होते. क्रीटचे अंगण आठवून रडणाऱ्या म्हातारीला तीत जागा नव्हती. ती गप्प राहिली. मला वाटते, असले गप्प राहणे रडण्याहून जड.

कोणी म्हणेल, बुवा, परदेशाचे कशाला सांगता? तर मायबाप, १९४७ चे पाहा. सिंधहून आलेले हिंदू कल्याणच्या लष्करी छावणीत उतरले, तेथेच उल्हासनगर झाले. त्यांना आपण निर्वासित म्हटले. इकडून कराचीस गेलेला मुसलमान मुहाजिर म्हणवू लागला. या शब्दात पैगंबराच्या हिजरतीची आठवण आहे, घर सोडणे हे पुण्य आहे. मग सुटलेल्या घरासाठी रडावे कसे? १४ ऑगस्टला तिकडे उत्सव. इकडे २०२१ पासून तोच दिवस फाळणीच्या यातनांच्या स्मरणाचा. लेकरांना आपली कथा अवश्य सांगा, पण पलीकडच्या म्हातारीचीही त्याच बैठकीत सांगा. वैर धरून सांगितलेली आठवण लेकरू चटकन उचलते.

असो. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर आयवालिक नावाचे गाव आहे. तेथले ग्रीक गेले आणि त्यांच्या घरांत लेस्बोस व क्रीटहून हाकललेले मुसलमान राहू लागले. समोरच समुद्रात लेस्बोस दिसते. आता कोणी ग्रीक नातू आजोबांचे घर शोधीत येतो, तेव्हा दार उघडणाऱ्याचा आजाही बहुधा त्या समोरच्या बेटावरून आलेला असतो.