माळ घातली, पण निजायचे कुठे?



सज्जनहो, सप्ताहाची सांगता झाली, काल्याचा प्रसाद वाटला, म्हणजे आपण समाधानाने घरी जातो. परंतु ज्याला घरच नाही, त्याने कुठे जावे? हा प्रश्न आम्हांस एका दारुड्याने विचारला, आणि आमची सारी पंडिताई त्यापुढे निरुत्तर झाली. ती हकिगत आज आपल्यापुढे ठेवतो.

घाटकोपरला सप्ताह होता. स्टेशनाजवळच्या पुलाखाली निजणारा एक हमाल पहिल्या दिवशी पंगतीला म्हणून आला आणि मांडवातच राहिला. पहाटे काकडा, दुपारी पंगत, सांजेला हरिपाठ, रात्री कीर्तन. सात दिवस त्याने थेंबाला शिवले नाही. काल्याच्या दिवशी आम्ही त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली, दारू न पिण्याची शपथ घेववली, आणि एक जीव तारला असे मनाशी म्हणत गाडी पकडली.

तीन महिन्यांनी पाहतो, तो तसाच पुलाखाली पडलेला. माळ गळ्यात नव्हती. फडक्यात बांधून उशाला ठेवली होती. पिण्याआधी तो ती काढून ठेवी, विटाळू नये म्हणून! आम्ही रागे भरलो. तेव्हा तो म्हणाला, "महाराज, माळ तुम्ही दिलीत. पण मांडव सुटल्यावर निजायचं कुठं, ते नाही सांगितलंत. सप्ताहात दारूची आठवण येत नव्हती असं नाही. पण चहूकडं माणसं होती."

सज्जनहो, चूक कुणाची? त्याची होतीच, पण आमची अधिक. आम्ही शपथ दिली आणि संगत काढून घेतली. गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी चंचल मनाला आवरण्याचे दोन उपाय सांगितले: अभ्यास आणि वैराग्य. वैराग्य कीर्तनात एका रात्रीत उपजेल; अभ्यासाला मात्र रोजची जागा, रोजची वेळ आणि रोजचे सोबती लागतात. फुटपाथवर थंडी, भूक आणि पोलिसाची काठी सोसणाऱ्याला रात्री हातभट्टीच जवळची वाटते. त्या जवळिकीचे फळ काय? मालाडच्या मालवणीत 2015 साली विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली.

श्रीगाडगेबाबांचे वडील झिंगराजी दारूपायीच गेले, आणि लहानगा डेबू मामाच्या घरी वाढला. त्या डेबूने पुढे स्वतः घर सोडले, पण पंढरपूर, आळंदी, देहू, नाशिक येथे इतरांसाठी धर्मशाळा उभारल्या. आपण उघड्यावर निजायचे आणि दुसऱ्याच्या डोक्यावर छप्पर घालायचे! बाबांचे अखेरचे कीर्तन नोव्हेंबर 1956 मध्ये आपल्या उपनगरात, वांद्र्यासच झाले. उपदेश आणि आसरा ही दोन्ही त्यांनी एका हाताने दिली.

त्याच वांद्र्यात 1981 साली फादर जो परेरा यांनी 'कृपा' संस्था सुरू केली. धर्माने ते ख्रिस्ती, योगात बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. तेथे व्यसनी माणसाला ठेवून घेतात. योगासने, प्रार्थना आणि एकमेकांशी मोकळे बोलणे यांवर भर देतात. अमेरिकेत 1935 साली दोन मद्यपींनी एकमेकांना सावरून 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चा पाया घातला. त्यांचा नेम एवढाच: फक्त आजचा दिवस प्यायचे नाही. आपल्या शास्त्रात अंधपंगुन्याय आहे. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो आणि दोघेही वाट चालतात. हा न्याय आम्ही पाठ केला होता, आचरला त्यांनी!

पुढे त्या मंडळाने देवळामागची पडवी हमालाला दिली. काही जण कुरकुरले, "दारुड्याला देवळात?" आम्ही म्हटले, "रोग्याला वैद्याच्या दारी नाही तर कुठे न्यावे?" आधी त्याला इस्पितळात ठेवले. वर्षानुवर्षे पिणाऱ्याने एकाएकी सोडली तर हातपाय कापतात, भ्रम होतो, झटके येतात, प्राणावरही बेतते. म्हणून आधी डॉक्टर, मग टाळ. हा क्रम कीर्तनकारांनी विसरू नये.

नंतरही तो एकदा घसरला. पडवी काढून घ्या, असा आग्रह झाला. तेव्हा आम्ही विण्याकडे बोट दाखवले. सप्ताहात वीणा अहोरात्र खाली ठेवत नाहीत. एकाचा पहारा संपला की दुसरा गळ्यात घेतो. एक माणूस सावरायचा तर तोही असाच हातोहात सांभाळावा लागतो. माळेचा दोरा तुटला तर आपण तुळस फेकत नाही. तेच मणी पुन्हा ओवतो.

आज दोन वर्षे झाली. आषाढीच्या वाटेवर तो दिंडीला पाणी वाटतो, आणि रात्री पुलाखालच्या जुन्या सोबत्यांना "आज माझ्यासंगं चला" म्हणून घेऊन येतो. उद्याचे वचन तो मागत नाही.

म्हणून अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या भजनी मंडळांना हात जोडून मागणे आहे: मांडव सोडताना एक पडवी मोकळी ठेवा, एका डॉक्टराशी ओळख ठेवा, आणि एकाच्या गळ्यात माळ घालाल तेव्हा त्याच्या रात्रीची चौकशी करा. विठोबा विटेवर उभा आहे. निजायला जागा त्याला नको, त्याच्या लेकरांना हवी आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!