वांकलेलें खोड

आम्हां सिंदीकडील लोकांस आभाळांतून पडतात त्या गाराच ठाऊक. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चांत विदर्भावर त्यांचा मोठा मार पडला. तरी गारांचा मार घटकाभराचा. हिमालयांतील देवदाराच्या रोपांवर मात्र बर्फाचें ओझें महिनोन्महिने राहतें. उतारावरचा बर्फ हळूहळू खालीं सरकतो आणि कोंवळ्या रोपास आपल्याबरोबर दाबून नेतो. बर्फ वितळला कीं रोप पुन्हां वर वळतें. अशीं कित्येक वर्षें जाऊन खोड जाड झालें म्हणजे शेंडा सरळ वर जातो; पण बुंध्याशीं विळ्यासारखा बांक जन्मभर राहतो.

रोप उठतें तें कसें? देवदाराच्या वर्गांतील झाडें वांकाच्या खालच्या अंगास निराळें, घट्ट व तांबूस लाकूड बनवितात; तें खोडास खालून वर रेटतें. आपल्याकडील रुंद पानांचीं बहुतेक झाडें ह्याच्या उलट वरच्या अंगास लाकूड बनवून खोड ओढून घेतात. सुतारास तें देवदारी लाकूड नको असतें, कारण वाळतांना तें लांबींत अधिक आखडतें व फळी पिळवटते.

आतां, आठव्या वर्षीं गुरांमागें गेलेला, बापाच्या कर्जापायीं पुढें सालदारी केलेला एखादा मनुष्य घ्या. तो आज आपल्या पायांवर उभा आहे. परंतु वाणी कठोर, मूठ घट्ट, आणि लेंकरांवर हात सदा उगारलेला. त्यास दोष द्यावा काय? कोणी म्हणेल, बांक बर्फानें दिला, झाडाचा काय अपराध? हें मला अर्धेंच खरें वाटतें. बांक बर्फाचा, पण घट्ट लाकूड झाडानें स्वतः बनविलें. त्यावांचून तें उठलेंच नसतें. ह्या मनुष्याचा कठोरपणाही ज्या बळानें तो उठला त्याचाच भाग आहे, म्हणून त्याचा तिरस्कार करण्यास मी धजत नाहीं. तरी त्याच्या लेंकरांनीं कोणता बर्फ पाडला होता? झाडास आपलें लाकूड बदलतां येत नाहीं. मनुष्यास उगारलेला हात खालीं घेतां येतो, आणि तेवढें त्याजपाशीं मागणें अन्याय नव्हे.

दृष्टांत आणखी एके ठिकाणीं तुटतो. बर्फ कोणी ठरवून पाडीत नाहीं. त्या आठ वर्षांच्या मुलास गुरांमागें धाडणारा कोणी तरी होता. कर्जाचा कागद कोणी तरी लिहून घेतला होता. आणि शाळेच्या हजेरीपटावरून त्याचें नांव गळालें, तेव्हां गांवांतील आपण शहाणे लोक तें पाहत होतों.