रुग्णसेवा आणि उपयुक्ततेचा प्रश्न

छत्रपती संभाजीनगर येथे २०१२ मध्ये सुरू झालेल्या शासकीय कर्करोग रुग्णालयात मराठवाड्याच्या गावोगावचे शेतकरी आणि मजूर उपचारांसाठी येतात. दीर्घ उपचारांत ज्याची मजुरी बुडते आणि ज्याच्यासोबत राहण्यासाठी घरातील दुसऱ्यालाही काम सोडावे लागते, त्या रुग्णाला आपण घरावर भार झालो आहोत ही जाणीव वेदनेइतकीच सोसावी लागते. त्यामुळे कर्मचाऱ्यांच्या वागण्यातून तो स्वतःचे मोल वाचत असतो.

भिक्खुसंघाचे आचारनियम सांगणाऱ्या विनयपिटकातील महावग्गात रुग्णाच्या मोलाचा हाच प्रश्न एका प्रसंगातून येतो. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला असतो, आणि तो संघाच्या काही उपयोगाचा नाही म्हणून कोणी त्याच्याकडे फिरकत नाही. बुद्ध मात्र आपला शिष्य आनंद याच्या मदतीने त्याला धुतात, उचलून मंचकावर निजवतात आणि ज्याला माझी सेवा करायची असेल त्याने रुग्णाची करावी, असे संघाला सांगतात. सेवेचा हक्क रुग्णाला त्याच्या दुःखामुळेच मिळतो, असा याचा अर्थ होतो.

याच ग्रंथात शुश्रूषा करणाऱ्याचे पाच गुण दिले आहेत: औषध तयार करता येणे, पथ्यापथ्य कळणे, लाभाचा हेतू न धरता मैत्रीने, म्हणजे दुसऱ्याचे भले व्हावे या इच्छेने, सेवा करणे, मलमूत्र व वांतीची किळस न बाळगणे आणि धर्मकथेने धीर देणे. पगारी सेवेत मैत्री कशी संभवेल, असा आक्षेप घेता येईल. परंतु वेतनामुळे कर्मचाऱ्याचा संसार चालतो, रुग्णाला स्पर्श कसा करायचा हे त्यातून ठरत नाही. किरणोपचारात मुखकर्करोगाच्या रुग्णाचा चेहरा मुखवट्याने टेबलाशी पक्का केला जातो आणि किरण सुरू असताना तो खोलीत एकटाच असतो. अशा वेळी काय होणार हे तंत्रज्ञाने आधी समजावणे, दुर्गंधी सुटलेल्या जखमेची पट्टी बदलताना सिस्टरने तोंड न फिरवणे, वांतीचे भांडे मावशींनी न चिडता उचलणे, यांतून मैत्री रुग्णापर्यंत पोहोचते.

तथापि बुद्धांचा उपदेश साऱ्या संघाला होता: ज्यांना येथे आई नाही, वडील नाहीत, त्यांनी एकमेकांकडे पाहिले पाहिजे. एका परिचारिकेवर झेपणार नाहीत इतके रुग्ण सोपवून तिच्याकडून करुणेची अपेक्षा करणे हे संघाचे कर्तव्य एकटीवर लोटणे ठरते. म्हणून पुरेसे मनुष्यबळ आणि विश्रांती देणे हा शासनाच्या व समाजाच्या धर्माचाच भाग मानला पाहिजे.