शब्द हरपलेला माणूस

'अंगावरून वारे गेले' असे आपली जुनी माणसे पक्षाघाताबद्दल म्हणतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्यात वाऱ्याचा काही संबंध नाही. पण अनुभवाला धरून ते बोलणे खोटे नाही. सकाळी वाडीत पाणी लावणारा माणूस दुपारी कूस बदलण्यासाठी दुसऱ्याच्या हातांची वाट पाहत पडलेला असतो. त्याचा उजवा हात त्याचा राहत नाही आणि अनेकदा त्याची जीभही त्याची राहत नाही. मग घरातली माणसे त्याच्याशी बोलण्याऐवजी त्याच्याविषयी बोलू लागतात. जो उत्तर देऊ शकत नाही, त्याच्याशी आपले नाते कोणते? त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे? हे प्रश्न मला सेमिनरीतल्या नीतिशास्त्राच्या तासाला भेटले नाहीत. ते मला माझ्या हातून घडलेल्या एका चुकीने विचारले.

प्रथम या आजाराविषयी थोडे. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. रक्तावाचून मेंदूचा तो भाग उपाशी राहतो आणि मरू लागतो. मोठी रक्तवाहिनी बंद पडली, तर दर मिनिटाला सुमारे १९ लाख मज्जापेशी नष्ट होतात, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि बहुतेक माणसांत भाषेचे केंद्रही डावीकडेच असते. म्हणूनच उजवे अंग आणि वाणी ही पुष्कळदा एकदमच जातात. १३७ व्या स्तोत्राच्या कर्त्याने यरुशलेमचा विसर पडल्यास स्वतःवर ओढवून घेतलेली शिक्षा आठवावी: उजव्या हाताचे कसब जावे आणि जीभ टाळूला चिकटावी. त्याला मेंदूची रचना ठाऊक नव्हती. पण या दोन गोष्टी एकत्र घडलेल्या त्याने कोणाच्या तरी घरी पाहिल्या असाव्यात, असे मला नेहमी वाटते.

सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी वसईच्या किनारपट्टीवरील एका धर्मग्रामात सहायक धर्मगुरू होतो. तेथील एक वृद्ध शेतकरी आमच्या गायकवृंदाचे आधारस्तंभ होते. एके पहाटे केळीच्या वाडीत ते कोसळले. तोंड वाकडे झाले, उजवा हात लुळा पडला. घरच्यांनी अंगाला तेल चोळले, पाणी पाजले, 'थोडी झोप लागली की बरे वाटेल' म्हणून वाट पाहिली. इस्पितळात नेईपर्यंत दुपार झाली होती. तीन आठवड्यांनी ते घरी आले, तेव्हा त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता: 'हो'.

मी दर शुक्रवारी त्यांना पवित्र कम्युनियन नेऊन देत असे. 'बाबा, बरे वाटते का?' 'हो.' 'जेवलात का?' 'हो.' मला समाधान वाटे. पुढे खर्च वाढत गेला. औषधे, फिजिओथेरपी, रात्री बसायला माणूस. बावखलाच्या पलीकडचा जमिनीचा तुकडा विकण्याचा विचार थोरल्या मुलाने मांडला. धाकट्याचा विरोध होता. थोरला मुलगा लोभी नव्हता, हे मी येथे आवर्जून नमूद करतो. बापाच्या उशापायथ्याशी तोच बसत असे. एका संध्याकाळी दोघे भाऊ मला म्हणाले, 'फादर, तुम्हीच बाबांना विचारा. ते म्हणतील ते आम्हांला मान्य.'

मी त्यांच्या खाटेजवळ उभा राहून मोठ्याने विचारले, 'बाबा, बावखलापलीकडचा तुकडा विकायला तुमची संमती आहे ना?' ते म्हणाले, 'हो.' त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. पक्षाघाताच्या रुग्णांना विनाकारण रडू किंवा हसू फुटते, असे मी कोठेतरी वाचले होते. मी मुलांकडे वळून म्हणालो, 'बाबांची संमती आहे.' डाव्या हाताचा अंगठा कागदावर उमटला. तो उमटवताना त्यांची मूठ सोडवावी लागली होती, हे मी पाहिले होते. पाहिले, पण मनावर घेतले नाही. भांडण मिटले याचाच मला आनंद होता.

सत्य उघडकीस आणले ते त्यांच्या नातीने. ती तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. खेळता खेळता तिने विचारले, 'आजोबा, मी तुमची आई आहे का?' 'हो.' 'आज नाताळ आहे का?' 'हो.' ती हसत सुटली आणि तेही हसले, डाव्या हाताने 'नाही, नाही' करीत. मग तिने पाटीवर चित्रे काढली: पाण्याचा तांब्या, खाट, फणसाचे झाड, बावखल. ते बोट ठेवून हवे ते दाखवू लागले. मोठ्या माणसांना आठ महिन्यांत जे सुचले नाही, ते त्या मुलीने एका दुपारी केले. बावखलाच्या चित्रावर ते पुनःपुन्हा बोट ठेवीत आणि मान हलवीत. तेव्हा घरात शांतता पसरली. जमीन तोवर गेली होती. आज तेथे चार मजली इमारत उभी आहे.

वाणी नष्ट होण्याच्या या प्रकाराला वाचाघात म्हणतात. त्याचे अनेक प्रकार आहेत. काहींना शब्द सापडत नाहीत, पण ऐकलेले बरेचसे समजते. काही अखंड बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि ऐकलेलेही नीट उमगत नाही. काहींजवळ एखादा शब्द उरतो आणि तोच प्रत्येक वेळी बाहेर पडतो. मनात 'नाही' असताना तोंडून 'हो' येणे, यात कसलाही लबाडपणा नसतो.

पॅरिसजवळच्या बिसेत्र येथील इस्पितळात लेबोर्न्य नावाचा एक रुग्ण होता. तो 'तान' एवढाच ध्वनी उच्चारी, म्हणून सगळे त्याला 'तान' याच नावाने ओळखत. १८६१ मध्ये पॉल ब्रोका या शल्यवैद्याने त्याला तपासले. 'तू येथे किती वर्षे आहेस?' असे विचारताच त्याने आपला पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट दाखवले. एकवीस वर्षे, आणि उत्तर अचूक होते. काही दिवसांत तो वारला. ब्रोकाने त्याचा मेंदू तपासून वाणीच्या केंद्राचा शोध लावला. आजही मेंदूचा तो भाग ब्रोकाच्या नावाने ओळखला जातो. शास्त्राला त्या मेंदूचे मोल वाटते. मला त्या पंज्याचे वाटते. 'तान' या एका ध्वनीच्या आड एक माणूस आपल्या बंदिवासाची वर्षे मोजीत बसला होता.

दुसरे उदाहरण आपल्याला अधिक बोचणारे आहे. फ्रेंच कवी बोदलेर १८६६ मध्ये बेल्जियममधील नामूर येथील सें लू चर्च पाहत असताना कोसळला. पुढे त्याचे उजवे अंग आणि वाणी गेली. ब्रसेल्समध्ये धर्मभगिनींच्या शुश्रूषागृहात त्याला ठेवले. त्याच्या तोंडून एकच उद्गार निघे, आणि तो देवाचे नाव घेऊन दिलेल्या शिवीचा तुकडा होता. भगिनी हादरल्या. तो गेल्यावर त्यांनी खोलीचे शुद्धीकरण करवून घेतले, असेही सांगितले जाते. आज आपल्याला ठाऊक आहे की शिव्या, मोजणी, गाणी, पाठ प्रार्थना हे बोलणे मेंदूत वेगळ्या वाटेने चालते. म्हणूनच ज्याला स्वतःचे नाव सांगता येत नाही, त्याच्या ओठांवर कधी 'नमो मरिया' संपूर्ण येते, तर कधी अपशब्द येतो. पहिल्यासाठी त्याला संत ठरवू नये आणि दुसऱ्यासाठी पापी. त्या भगिनी निर्दय नव्हत्या. त्याला खाऊपिऊ घालणाऱ्या त्याच होत्या. त्यांची चूक माझ्याच चुकीची बहीण होती: जखमी मेंदूने टाकलेला शब्द त्यांनी माणसाचा शब्द म्हणून स्वीकारला.

येथे मूळ प्रश्नाकडे वळू. सहाव्या शतकातील बोएथियस या तत्त्वज्ञाने 'व्यक्ती'ची व्याख्या विवेकशील स्वभावाचे स्वतंत्र अस्तित्व अशी केली आणि संत थॉमस अक्वायनस यांनी ती स्वीकारली. विद्यार्थिदशेत मी ती पाठ केली होती. तिचे मर्म मात्र त्या खाटेजवळ कळले. व्याख्या 'विवेकशील स्वभाव' म्हणते, विवेकाचा 'वापर' म्हणत नाही. झोपलेला माणूस, तान्हे मूल, वाचाघाताचा रुग्ण हे कोणीही त्या क्षणी आपली विवेकशक्ती प्रकट करून दाखवीत नाहीत. म्हणून ते व्यक्ती नाहीत असे होत नाही. माणसाचे मोल त्याच्या कामावर किंवा बोलण्यावर अवलंबून असते, तर ते एका गुठळीने हिरावून घेता आले असते. आपण हे तोंडाने मान्य करतो. आपले वर्तन मात्र वेगळेच सांगते. रुग्णासमोर आपण डॉक्टरांना विचारतो, 'यांचे आता काय खरे?' त्याच्या पायथ्याशी बसून दफनभूमीतल्या जागेची चर्चा करतो. तो ऐकत असतो.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो योग्यही आहे. निर्णय तर घ्यावेच लागतात. औषधांचे पैसे कोठून आणायचे? ज्याचे मन कळत नाही, त्याच्यासाठी थांबायचे तरी किती? माझे म्हणणे असे की त्याच्या वतीने निर्णय घेणे हे पाप नव्हे. तो आपला निर्णय असताना त्याचा म्हणून दाखवणे हे असत्य आहे. मुलांनी म्हटले असते, 'बाबा, आमचा नाइलाज आहे, आम्ही जमीन विकतो आहोत', तर ते दुःखद असते, पण खरे असते. त्यांच्या 'हो'ने आम्ही आमची मने हलकी केली. ज्याच्यापाशी एकच शब्द उरला होता, त्याचा तोही शब्द आम्ही वापरून घेतला.

शुश्रूषा करणाऱ्यांचे दुःख मी जवळून पाहिले आहे. पक्षाघातानंतरचा धोका केवळ लुळेपणाचा नसतो. गिळण्याचे स्नायू दुबळे झाले, तर पाण्याचा घोट फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. म्हणून नुकत्याच कोसळलेल्या माणसाला प्रेमाने पाजलेले पाणीही घातक ठरू शकते. कूस न बदलल्यास पाठीला जखमा होतात, पायांत गुठळ्या धरतात, लुळा हात ओढून उठवल्याने खांदा निखळतो. सुमारे एकतृतीयांश रुग्णांना नैराश्य येते. ते आजाराचाच भाग असते, श्रद्धेची उणीव नव्हे. आणि रात्री तीन वेळा उठणाऱ्या सुनेला एखाद्या क्षणी संताप आला, तर तिने स्वतःला दुष्ट समजू नये. थकवा हा अपराध नाही. तो शेजाऱ्यांना दिलेला निरोप आहे.

सुधारणा होते, हेही तितकेच खरे. ती पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते, पुढे मंदावते, पण वर्षानंतरही पूर्णपणे थांबत नाही. मेंदूचे शाबूत भाग हळूहळू काही कामे शिकून घेतात. त्यासाठी रोजचा सराव लागतो आणि बोलणाऱ्या माणसांची सोबत लागते. एका वेळी एकच प्रश्न विचारावा, उत्तरासाठी थांबावे, वाक्य आपण पूर्ण करू नये. 'हो' आल्यास उलट प्रश्न विचारून खात्री करावी. गाणे येत असेल तर गाऊन घ्यावे. आमच्या त्या गायकाला भक्तिगीताचे सूर सापडले, तेव्हा मागोमाग काही शब्दही आले. आणि तोंड वाकडे, हात निर्जीव, बोलणे अडखळते यांपैकी एक जरी खूण दिसली, तरी तेलाची बाटली शोधू नये, थेट इस्पितळ गाठावे. गुठळी विरघळवण्याचे औषध सर्वसाधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते.

रुग्णाभ्यंगाविषयीही एक शब्द. तेल घेऊन फादर आले म्हणजे शेवट आला, ही समजूत आपल्यातून पूर्णपणे गेलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्येच स्पष्ट केले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारातील माणसांसाठी नाही. तो बरे होण्याच्या धडपडीलाही बळ देतो. पापनिवेदनासाठीही वाणी अनिवार्य नाही. खुणेने केलेला पश्चात्ताप ख्रिस्तसभा मान्य करते. देवाला उत्तराची घाई नसते.

ते वृद्ध गृहस्थ त्यानंतर सहा वर्षे जगले. बदली होऊन मी दुसऱ्या धर्मग्रामात जाण्यापूर्वी त्यांच्या खाटेशी बसून मी क्षमा मागितली. या वेळी उभा राहिलो नाही आणि मोठ्याने बोललो नाही. नातीच्या पाटीवर क्षमेचे चित्र नव्हते. त्यांनी माझा हात डाव्या हातात धरला आणि म्हणाले, 'हो.' त्या 'हो'चा अर्थ काय, हे मी आजवर ठरवलेले नाही. एकदा ठरवून पाहिले होते.

मार्काच्या शुभवर्तमानात चार जण पक्षाघाती मित्राला छप्पर उघडून प्रभूसमोर सोडतात. तो रुग्ण त्या प्रसंगात एकही शब्द बोलत नाही आणि त्याचे मित्रही त्याच्या वतीने काही बोलत नाहीत. ते फक्त खाट उचलतात आणि तिचे चारही कोपरे सारखे धरून ठेवतात. आपल्या धर्मग्रामात अशी एखादी खाट नसेल, असे घरोघरी फिरणारा मी तरी म्हणू शकणार नाही. येत्या रविवारी मिस्सेनंतर तिच्यापाशी जाऊन बसावे, एक प्रश्न विचारावा आणि थांबावे.